मच्छरदाणीवाले आबा

आबा कुठेही गेले की आधी आपली मूठ उजेडात धरून बघायचे. मंगल कार्यालय असो, दवाखान्याची ओसरी असो की कुणाच्या घरची बैठक असो. यजमान 'या, बसा' म्हणतोय आणि हे दारातच उभे राहून उजवी मूठ डोळ्यांसमोर हळूहळू फिरवताहेत, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचा हात आखडला असावा. एका बाईंनी तर खरंच तेलाची वाटी आणून पुढे ठेवली होती. आबा मुठीवरच्या सावल्या बघत असायचे. बोटांच्या खाचांत सावली काळी आणि धारदार पडली, तर तिथला उजेड टोचरा. सावलीची कड विरत गेली, तर मऊ. "मुठीला चार डोंगर आन् तीन दऱ्या असत्यात," ते म्हणायचे. "चेहऱ्याला याच्याहून काय जास्त असतंय?"

आमच्या शहरातल्या उस्मानपुऱ्यात, मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एका दवाखान्याच्या माडीवर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी तिथं आठ वर्षं काढली. मी काही शिकाऊ पोरगा म्हणून गेलो नव्हतो. तिशी उलटली होती, लग्न झालं होतं, ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो तो बंद पडला होता. स्वतःचा कॉम्प्युटर उचलून मी आबांकडे आलो. फोटो त्यांनी काढायचे आणि नंतरचं सगळं मी करायचं, अशी वाटणी होती. आज मी त्यांच्याविषयी कौतुकाने लिहायला बसलो आहे, पण ते कौतुक करण्याचा मला फारसा हक्क नाही. तो का नाही, हे पुढे येईलच.

'मच्छरदाणीवाले' हे नाव त्यांना धंद्यातल्या लोकांनी दिलं होतं. नळाच्या प्लॅस्टिकच्या पाइपांच्या त्यांनी दोन मोठ्या चौकटी केल्या होत्या, प्रत्येक पुरुषभर उंचीची. त्यांच्यावर पांढरं मलमल ताणलेलं. दिवा त्या कापडाच्या मागे, चांगला लांब, आणि कापड मात्र गिऱ्हाइकाच्या इतकं जवळ की मान वळवली तर गालाला लागेल. कधी दोन्ही बाजूंना चौकटी आणि डोक्यावर तिसरं कापड. आत स्टुलावर बसलेला माणूस खरोखर मच्छरदाणीत बसल्यासारखा दिसायचा. दुसरे फोटोग्राफर विचारायचे, "काय आबा, डास लई झालेत का उस्मानपुऱ्यात?" आबा म्हणायचे, "तुमच्यासारखे दोन-चार येत्यात अधूनमधून."

दिव्याला लावायची छत्री किंवा सॉफ्टबॉक्स त्यांना वर्ज्य होता असं नाही. एक पांढरी छत्री होती, एक आतून चंदेरी होती, तोंडाला कापड लावलेला एक काळा सॉफ्टबॉक्स होता. त्याला ते 'खोकं' म्हणायचे. शिवाय बटर पेपरचे ताव आणि थर्माकोलचे पत्रे. यातलं कुणाला काय लावायचं, हे माणूस समोर येऊन बसल्याशिवाय ते ठरवत नसत. आधी चहा. चहा पिता पिता गाव कोणतं, पाऊस कसा, म्हैस किती दूध देते अशा चौकश्या चालायच्या आणि मी कॉम्प्युटरपाशी बसून चरफडत राहायचो. पण तेवढ्यात त्यांनी सगळं टिपलेलं असायचं. कातडी तेलकट असली तर चंदेरी छत्री बाद, कारण कपाळ तळलेल्या वड्यासारखं चमकतं. चष्मा असला तर उजेड वरून आणि बाजूने, नाहीतर काचेत आख्खी चौकट उमटते. गावाकडच्या लहान खोलीत, हिरव्या रंगाच्या भिंतींमध्ये, पांढरी छत्री उघडायची नाही. तिचा उजेड चहूकडे सांडतो, भिंतीला लागून हिरवा होतो आणि माणूस काविळीतून उठल्यासारखा दिसतो. तिथं खोकं. "छत्री म्हंजी गावजेवण," ते सांगायचे. "येईल त्याला वाढती. खोकं एकालाच वाढतंय."

मऊ उजेडाचं त्यांचं गणित साधं होतं आणि ते कुणालाही समजावून सांगायची त्यांना हौस होती. "दिवा कितीबी मोठा आन, त्यानं काय व्हत नाय. कापड मोठं पायजे आन् ते जवळ पायजे. मोठं कापडबी लांब गेलं की बारकं व्हतंय. सूर्य काय बारका हाय व्हय? लांब हाय म्हणून टोचतंय त्याचं ऊन." मग खिडकीकडे बोट दाखवून पुढे, "आन् आभाळ भरून आलं की तेच सगळं कापड व्हतंय. मग बघ चेहरे." ढगाळ दिवशी ते गिऱ्हाइकाला सरळ गच्चीवर न्यायचे आणि दिवे लावायचेच नाहीत. लोकांना ते आवडायचं नाही. दिवे लागले नाहीत तर फोटो काढल्यासारखं वाटत नाही, अशी आमच्याकडच्या लोकांची समजूत आहे.

कापड घ्यायला ते गुलमंडीच्या बाजूला एका ठरलेल्या दुकानात जायचे. ठाणातून हातभर कापड ओढून रस्त्यावर यायचं, सूर्यापुढे धरायचं, मागे आपली मूठ धरायची. गल्ल्यावरचे चाचा वैतागून ओरडायचे, "आबा, कपडा लेना है की सूरज देखना है?" आबा म्हणायचे, "दोनो, चाचा, दोनो." आणलेलं कापड तीन पाण्यांतून काढून खळ घालवायची आणि सावलीत वाळवायचं. एकदा नव्या परिटाने कौतुकाने त्याला नीळ घातली. कापड दिसायला पांढरंशुभ्र आणि त्यातून आलेला उजेड निळसर. दिवसभराची सगळी गिऱ्हाइकं थंडीने गारठल्यासारखी आली. मी म्हणालो, "आबा, दोन मिनिटांचं काम आहे, मी इथं रंग सुधारतो." ते म्हणाले, "तू सुधारशील. पण मी पाह्यला तो चेहरा ह्यो नव्हता." आणि त्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. त्यातले अर्धे आले, अर्ध्यांनी शिव्या दिल्या. माझ्या मनात आबांविषयी जी एक आडमुठी चीड साठत गेली, तिची सुरुवात या कापडापासून झाली.

आबा मेंढपाळांच्या घरातले. वडिलांनी आयुष्यभर मेंढरं राखली. त्यांची काळी घोंगडी स्टुडिओत एका खुंटीला असायची. चेहरा फार गोल, फार भरलेला असला की एका बाजूला मलमल आणि दुसऱ्या बाजूला ती घोंगडी. "घोंगडी उजेड पिती," ते म्हणायचे, आणि खरंच त्या बाजूचा गाल हळूच अंधारात जाऊन चेहऱ्याला आकार यायचा. सिडकोतल्या एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी नाक मुरडलं, "आमच्या मुलीच्या शेजारी हे काय मळकं टांगलंय?" आबा शांतपणे म्हणाले, "मळकी नाय बाई, ती काळीच हाय. काळं म्हंजी मळकं नसतंय." त्या बाई फोटो न काढता गेल्या. मी म्हणालो, "आबा, गिऱ्हाईक गेलं." ते म्हणाले, "जाऊ दे. तिला चुन्याचं दुकान पायजे."

त्यांचं खरं नाव झालं ते स्थळाच्या फोटोंमुळे. मुलीच्या लग्नाचा बायोडाटा करायचा, त्यावर एक फोटो लावायचा, तो मोबाइलवरून दहा घरी फिरवायचा; हे आमच्याकडे घरोघरी चालतं. आणि त्या फोटोत मुलगी जशी नाही तशी दाखवायची, हेही घरोघरी चालतं. आबांकडे ते चालत नसे. फोटो चांगला यायचा, कित्येकदा आईबापांनाही आपली मुलगी एवढी चांगली आहे हे तिथं कळायचं, पण मुलगी तीच असायची. सोयरिकी जमवणारे मध्यस्थ मुलाकडच्यांना सांगायचे, "फोटो उस्मानपुऱ्याच्या आबांकडचा हाय, मंग काय बघायचं ऱ्हायलं?" फोटोच्या पाकिटावर आबांचा शिक्का असायचा आणि लोक तो उलटून बघायचे. एवढ्या मोठ्या शहरात, जिथं कुणी कुणाच्या शब्दावर चहासुद्धा पीत नाही, तिथं एका माणसाच्या कापडावर लोक मुली बघायला जायचं की नाही ते ठरवत होते. आबांपाशी घर नव्हतं, जमीन भावांनी ठेवून घेतली होती, होतं ते एवढंच.

सविता आली ती त्याच भरवशावर. अजिंठ्याच्या बाजूच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, बी.ए. झालेली, चांगली सावळी. सोबत आई आणि मामा. आधी दुसरीकडे काढलेल्या फोटोंवरून दोन ठिकाणी नकार आला होता, हे आईने आल्या आल्या सांगून टाकलं, तेही मुलीसमोर. मुलीने चेहऱ्यावर पावडरचा थर दिला होता. आबांनी तिच्या हातात धुतलेला टॉवेल दिला. "पुसून ये, माय. तुझ्या तोंडावर दुसरीच कुणी बसलीय." ती हसली नाही, पण पुसून आली.

त्या दिवशी त्यांनी एक तासभर घेतला. सावळ्या चेहऱ्याची गोम मला त्यांनी तेव्हाच सांगितली होती आणि मी ती आजही पैसे घेऊन दुसऱ्यांना शिकवतो. लोक काय करतात, चेहरा सावळा दिसला की जास्त उजेड मारतात. मग कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालावर पांढरे ठिपके येतात आणि बाकी सगळं तसंच राहतं. "सावळ्या कातडीला उजेड जास्त नको, मोठा पायजे," आबा म्हणाले. "ती कातडी आरशावानी असती. बारकी बत्ती दाखवली की बारका ठिपका दाखवती, मोठं कापड दाखवलं की सगळं कापड अंगावर घेती." त्यांनी दोन्हींतली मोठी चौकट घेतली, तिच्या गालापासून वीतभर अंतरावर आणली, दिवा मागे पार भिंतीपर्यंत नेला, खालून उजेड परतावा म्हणून हनुवटीखाली थर्माकोलचा तुकडा धरायला आईलाच बसवलं. मूठ धरून बघितली. चौकट बोटभर सरकवली. पुन्हा मूठ. मग बोलता बोलता फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एक तिला दाखवला. ती त्यावर वाकून बराच वेळ बघत राहिली. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाली, आबा काहीतरी म्हणाले आणि ती खुदकन हसली. मी कॉम्प्युटरवर दुसरंच काम करत होतो, मला ऐकू आलं नाही. आईने तिला दटावलं, "हसायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी आबा भाचीच्या लग्नाला गावी गेले. संध्याकाळी मामा फोटो घ्यायला आला. फोटो स्क्रीनवर होता. मी तो आत्ता डोळ्यांसमोर आणू शकतो. गालाच्या हाडावरून एक रुंद, शांत चमक उतरत गेली होती आणि डोळे सरळ बघत होते. मामाने मान तिरकी केली. "फोटो झकास हाय भास्करराव. पण जरा उजळ करा की."

मी म्हणालो, "आबा करत नाहीत तसं."

"आबा कुठं हायेत इथं? पोरगा बँकेत हाय. पयला फोटोच बघत्यात ना लोकं. पोरीचं कल्याण व्हईल, तुम्हाला पुण्य लागंल."

मला कुणी भाग पाडलं नाही. मी ते दयेपोटी केलं असं मी पुढे स्वतःला बरीच वर्षं सांगितलं, पण तेही खरं नाही. मला दाखवायचं होतं. ज्या कामाला म्हाताऱ्याला तासभर, दोन चौकटी आणि तीन कप चहा लागतो, ते मी दोन मिनिटांत बसल्या जागी करतो, हे कुणाला तरी दाखवायचं होतं, मग तो हा मामा का असेना. मी चेहरा उजळ केला. मग मान वेगळी दिसायला लागली म्हणून मान केली. मग हात. कानाच्या पाळ्या राहून गेल्या होत्या, त्या मामाने दाखवल्या. नाकाखालची सावली गेली, गालाची चमक गेली, चेहरा पाटीसारखा सपाट झाला. मामा म्हणाला, "आता कशी दिसायली बघा!" मी प्रिंट काढल्या, आबांच्या शिक्क्याच्या पाकिटात घातल्या आणि दिल्या.

मुलाकडचे खेड्यात जाऊन मुलगी बघून आले. तिथं काय झालं ते आम्हाला सविताच्या वडिलांनी सांगितलं. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असताना ते जिना चढून आले, सोबत गावातले दोघं. पाकीट काउंटरवर आपटलं. आवाज चढलेला होता. "पोराच्या आत्यानं हा फोटो माझ्या पोरीच्या गालाला लावून धरला. समद्यांसमोर. म्हणली, आता ह्या फोटोतल्या पोरीला बाहेर आणा. पोहं तसंच टाकून उठले, आबा. तुमच्या नावावर इश्वास ठिवला होता आम्ही."

आबांनी चष्मा लावला आणि फोटो हातात घेतला. बघताक्षणी त्यांना कळलं. नाकाखाली सावली नसलेला चेहरा त्यांच्या कापडातून येणं शक्यच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांनी पाहिलं असतं. फोटो काउंटरवर ठेवून त्यांनी हात जोडले. "दुकान माझं हाय, शिक्का माझा हाय. चूक माझी."

"चूक? लबाडी म्हणा की!"

"म्हणा," आबा म्हणाले.

मी चार हातांच्या अंतरावर कॉम्प्युटरपाशी होतो. तोंड उघडायला एका वाक्याचा वेळ लागला असता आणि ते वाक्य मला पाठ होतं. मी माउस हलवत राहिलो. ते लोक फोटो फाडून, पायऱ्यांवर टाकून गेले. गिऱ्हाइकं एकेक करून उठली.

दुकान रिकामं झाल्यावर मला वाटलं, आता भडका उडणार. मला तो हवाही होता. आबा स्टुलावर बसले आणि एवढंच म्हणाले, "तिला इचारलं व्हतंस का?"

"मामांनीच सांगितलं आबा, मी नको म्हणत होतो—"

"तिला इचारलं का, म्हणलं मी."

मी 'नाही' म्हणालो. त्यानंतर त्यांनी हा विषय मरेपर्यंत काढला नाही. मला काढून टाकलं नाही, कामाची वाटणी बदलली नाही, दुपारचा चहाही पूर्वीसारखाच दोघांचा यायचा. याहून वाईट शिक्षा मला तरी माहीत नाही. त्यांनी मला चार शिव्या देऊन हाकललं असतं तर मी त्यांचा द्वेष करून मोकळा झालो असतो.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. जे मध्यस्थ आबांचं नाव घ्यायचे तेच आता हसून सांगू लागले, "फोटो आबांकडचा हाय? मंग पोरगी दिवसाढवळ्या बघून घ्या बरं का." स्थळाचे फोटो बंद झाले. आबा रोज सकाळी चौकटी पुसून, कापड ताणून ठेवायचे आणि दिवसभर रेशन कार्डासाठी आणि शाळेच्या दाखल्यासाठी लागणारे छोटे फोटो काढायचे. तेसुद्धा मलमलातून. पाठीमागे रांग कुरकुरायची, "आबा, मापाचा पायजे फक्त, रूप नको." आणि ते मूठ धरून बघत असायचे.

वर्षाच्या आत मी शहरातच, गारखेड्यात स्वतःचा स्टुडिओ टाकला. खरं बोलायचं तर आबांकडून तुटलेली गिऱ्हाइकंच माझ्याकडे आली. माझ्याकडे विदेशी सॉफ्टबॉक्स होते, काचेचं दार होतं, आणि फोटो उजळ करून द्यायला मी नाही म्हणत नव्हतो. मुहूर्ताला आबा आले, हातात नारळ. माझ्या सर्वांत मोठ्या सॉफ्टबॉक्सखाली उभे राहून त्यांनी सवयीने मूठ धरली. ते म्हणाले, "चांगला हाय रे. फक्त अजून जवळ घेत जा." माझ्या बायकोला पाया पडू दिलं, पेढा खाल्ला आणि सिटी बसने परत गेले. मी त्यांना सोडायला जिन्यापर्यंतही गेलो नाही, कारण आत आमंत्रित मंडळी होती.

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. दहाव्याला धंद्यातले बरेच जण आले होते. जेवताना माझ्या शेजारच्याने भाताला कालवण मागता मागता म्हटलं, "माणूस चांगला व्हता हो, पण शेवटी शेवटी लबाडी करायला लागला व्हता. ते अजिंठ्याकडच्या पोरीचं प्रकरण नव्हतं का?" समोरचे दोघं हसले. आबांची मुलगी त्याच पंगतीत वाढत होती, तिने ऐकलं. मी घास गिळला. तिथंही मी बोललो नाही. त्या एका घासाची मला अजून किळस येते.

दुसऱ्या आठवड्यात मी त्या खेड्यात गेलो. सविताचे वडील आता थकले होते, ओसरीवर खाटेवर बसलेले. मी कोण ते सांगितलं. आबा गेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "आरं आरं." मग म्हणाले, "ते आले व्हते इथं. त्या भानगडीनंतर पंधरा दिवसांनी, एकलेच, बस करून. हितंच दारात उभे ऱ्हाऊन म्हणले, पोरीची माफी मागायची हाय. मी आत जाऊ दिलं नाय. उन्हाचे दिवस व्हते. पाणीबी दिलं नाय मी त्यांना. गेले तसेच फाट्यापर्यंत पायी."

आबांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. मामा, कॉम्प्युटर, पाकीट, माझं गप्प राहणं. ते वाक्य शेवटी निघालं आणि इतकं लहान होतं की मलाच लाज वाटली. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघायचं बंद केलं.

बोलली ती सविता. ती माहेरी आली होती, दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. पुढे सिल्लोडकडे तिचं लग्न झालं होतं, पदर खोचलेला, मागे पाच-सहा वर्षांची मुलगी. तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

"आबांनी मला कॅमेऱ्यात दावला व्हता फोटो," ती म्हणाली. "मी म्हणले, ही मीच हाय व्हय? ते म्हणले, तूच की, दुसरं कोण बसलंय हितं? मला पहिल्यांदाच माझं तोंड आवडलं व्हतं, भाऊ. मंग मामानं पाकीट आणलं. मला वाटलं, आबांनी घरी जाऊन नीट पाह्यलं असंल. मंग त्यांनाबी मी पटले नसंल." तिने मुलीला पुढे ओढून घेतलं. "त्या आत्याचं मला काय नाय वाटलं. तसली माणसं लई बघितली व्हती. पण आबांचं लई लागलं. इतकी वर्षं मी त्यांनाच बोल लावत व्हते."

मी म्हणालो, "त्यांचा काहीच दोष नव्हता."

"व्हय, आता कळलं की." मग तिने विचारलं, "तो पयला हाय का तुमच्याकडं? तसाच, आबांनी काढलेला?"

मला खोटं बोलता आलं असतं. शोधून पाठवतो म्हणून निघून येता आलं असतं. पण तो नव्हता. त्या संध्याकाळी मी उजळ केलेला फोटो मूळ फोटोवरच सेव्ह केला होता, आणि कॅमेऱ्यातलं कार्ड पुढच्या कामासाठी पुसून रिकामं केलं होतं. त्या दिवशीची ती सविता कुठेच शिल्लक नव्हती, आणि तिला तशी टिपणारा माणूसही गेला होता.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. मी उठायला लागलो तर म्हाताऱ्याने हाताने बसा अशी खूण केली. थोड्या वेळाने सविता कपबशी घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली. आबांना ज्या दारातून तहानलेलं परत पाठवलं, त्याच दारात मला दुधाचा, साखर जास्त घातलेला चहा मिळाला. मी तो सगळा प्यालो.